विमानातले शांत आजोबा

...आणि वर मलाच म्हणतात, आजोबा, तुम्ही फार शांत स्वभावाचे आहात. मी? अहो, उभी हयात लाकडाच्या वखारीत गेली माझी. करवत चालू असताना जो हळू बोलला त्याची दहा बोटं शेवटपर्यंत दहा राहत नाहीत, त्यामुळे मी घरात नुसतं पाणी मागितलं तरी शेजारचा दार उघडून बघतो, कोणाचं काय झालं म्हणून... आणि मी म्हणे शांत. पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी होतो. विमानात पाऊल ठेवल्यापासून मी गप्प.

का, तर लेकीपायी. मागच्या खेपेला तिच्याकडे गेलो तेव्हा खालच्या मजल्यावाल्याशी वाजलं, लिफ्टवाल्याशी वाजलं आणि तिच्या साहेबाशीही वाजलं. साहेब जेवायला आलेला, मला काय ठाऊक, त्याची बॅग आणि ते हसणं बघून मला वाटलं विमा विकायला आलाय, दारातूनच वाटेला लावला. म्हणून यंदा फोनवर स्पष्ट म्हणाली, "बाबा, नात चालायला लागलीय, बघायला या. पण वाटेत नाहीतर इथे, एकदा जरी कोणावर आवाज चढवलात, तर लगेच परतीचं तिकीट काढीन. मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत." आता नातीला मी अजून फोनच्या काचेतच बघितलेलं. म्हटलं, दातखिळी बसली असं समज.

आणि नशीब बघा, शेजारी कोण यावा? एक टायवाला. आल्या आल्या आपली बॅग माझ्या पायावर ठेवली, कोपर माझ्या बरगडीत ठेवलं, आणि बूट काढले. त्या मोज्यांचा वास... जाऊ द्या, तुम्ही जेवून आला असाल. मी गप्प.

विमान वर गेलं तसा हाही वर जायला लागला. दोन ग्लास झाले, तिसरा झाला, चौथा मागितला, तर ती वाढणारी पोरगी हसून म्हणते, "सर, आता थोडं पाणी देऊ का?" हसून! आमच्या वखारीत असता तर त्याला भुशात पुरला असता. तर हा उठला, संडासात शिरला आणि आत सिगरेट पेटवली. कुठेतरी भोंगा वाजला. त्यांची मोठी बाई धावत आली, केस असे करकचून बांधलेले की भुवया आपोआप वर गेलेल्या, आणि दारावर टकटक करून काय म्हणते, "सर, कृपया बाहेर या." मी म्हटलं, मनात हो, मनात, आरतीचं ताट तेवढं राहिलं.

काढला बाहेर, धुरासकट आणून बसवला माझ्याच शेजारी, आणि बाईने एक छापील ताकीद वाचून दाखवली, की आपलं वागणं असंच राहिलं तर अमका कायदा आणि तमके पोलीस. त्याने तो कागद घेतला, माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "म्हातारबा, तुमचं पत्र आलंय." मी? रुमाल चावला, पण गप्प.

मग स्वारीला एकदम आठवलं की आपल्याला उतरायचंय. "गाडी बाजूला घ्या, मला इथेच उतरायचंय." अरे, खाली ढग आहेत, कुठे उतरतोस? पण हा तरातरा गेला आणि दाराच्या दांड्याला लटकला. अख्खं विमान ओरडायला लागलं, बायका ओरडतायत, पोरं ओरडतायत, फोनवर फिल्म काढणारे ओरडतायत की जरा बाजूला व्हा, दिसत नाही. आणि ओरडायचा ज्याचा जन्माचा सराव, तो एकटा मी गप्प.

तेव्हा मात्र त्या बाईचं सर आणि कृपया दोन्ही संपलं. "बसवा खाली," म्हणाली, एवढंच. तिच्या हाताखालची दोन पोरं आणि प्रवाशांतला एक दंड दाखवत फिरणारा पैलवान, तिघांनी मिळून आडवा केला, मनगटांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळल्या, पट्ट्यावर पट्टा घालून खुर्चीला जखडला. कुठल्या खुर्चीला? माझ्याच शेजारच्या. दुसरी रिकामी नव्हती म्हणे. मी जागा बदलून मागणार तोच बाई माझ्यापाशी वाकली. "आजोबा, मघापासून बघतेय, एवढा गोंधळ झाला, तुम्ही शब्दाने बोलला नाहीत. विमान उतरताना आम्हाला आमच्या जागी बसावं लागतं. यांच्याजवळ तुमच्यासारखा शांत स्वभावाचा माणूस हवा. काही वाटलं तर हे बटण दाबा."

घ्या. वखारीत माणसं माझ्यापासून लांब बसायची, आणि इथे माझी शांततेवर नेमणूक.

तो बांधलेला, तोंड मोकळं. "काय म्हातारबा, पोरीने बोलावलंय की पोराने हाकललंय?" तुम्हाला सांगतो, ते लागलं. हात शिवशिवला. समोर हात बांधलेला माणूस, आणि मारायला बंदी... पण नात डोळ्यांसमोर आणली. गप्प. मग म्हणतो, "नाक खाजतंय हो." खाजवलं. "जरा वर." वर खाजवलं. "आता आतून." तिथे मात्र बटण दाबलं.

शेवटी घोरत पडला, माझ्या खांद्यावर, लाळेसकट.

उतरल्यावर दोन पोलीस आत आले. त्याला नेलं, आणि मला म्हणाले, आजोबा, साक्ष द्यायला चला. दिली. मग माणुसकी म्हणून दोघे मला बाहेरपर्यंत सोडायला आले, एक इकडे, एक तिकडे. कठड्यापलीकडे लेक उभी. तिने बघितलं, कडेवरची नात जावयाकडे दिली, पदर नाही पण ओढणी खोचली आणि पुढे आली. "किती जणांना मारलं?"

पोलीस म्हणाला, "छे हो ताई. फार शांत आहेत तुमचे वडील. एवढं रामायण झालं, पण एक शब्द बोलले नाहीत."

पोरगी पांढरीफटक. "एक शब्द नाही? बाबा, इकडे बघा. दोन्ही हात वर करा. हसून दाखवा बरं."

"बाळा, मला काही झालेलं नाही," मी आपलं हळू म्हणालो.

"अहो, ऐकलंत?" ती जावयाला, "आवाजही गेलाय. झटका आलाय बाबांना. गाडी काढा, आधी दवाखाना." आणि रडायलाच लागली हो. मी जितकं हळू समजवावं तितकी जास्त रडते. कोणीतरी चाकाची खुर्ची आणली. पोलीस मला हाताला धरून बसवायला लागला, नात माझ्याकडे पुढे केलेले हात घाबरून मागे घ्यायला लागली, तेव्हा मात्र सुटलंच. "अरे, मी ठणठणीत आहे, ही खुर्ची हलव आधी, नाहीतर तुलाच बसवून ढकलीन!"

सगळा हॉल वळला. लांब एक पट्ट्यावरचं सामान उचलणारा हातातली पेटी टाकून उभा राहिला.

आणि लेकीचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसले, हसली, नातीला माझ्या कडेवर दिलं आणि जावयाला म्हणाली, "बाबा अगदी ठीक आहेत. परतीचं तिकीट बघा."

परवाचं मिळालंय. नातीला सांगितलंय, जे काय चालायचं ते उद्याच चालून दाखव.