बोळातला नळ

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सोलापुरात रेशनच्या रांगेत म्युनिसिपालिटीतले कारकून धोंडिराम उभे होते. पुढं एकाच पेठेतल्या चंद्रव्वा आणि केसरबाई बोलत होत्या.

"चंद्रव्वा, माझ्या लताला शाळेतनं काढावं म्हनते मी. घरी बिड्या तरी वळंल," केसरबाई म्हणाली.

"का गं? शिकू दे की."

"त्या शाळेत निस्ता इतिहास, भाषा आन् नागरिकशास्त्र. त्यानं पोट भरतंय व्हय?"

"पोटाचं ठावं न्हाय. पानी आलं की."

"म्हंजे?"

"शाळेतल्या बाईंनी पोरींना घरोघर धाडलं. कोन पानी कुटनं आनतंय, किती येळ जातोय, समदं लिवून घेतलं. आमच्या गौरीनं मला सही शिकवली. नळाच्या अर्जावर अंगठा न्हाय लावला मी."

"मग?"

"आठ पोरी अर्ज घिऊन म्युन्सिपाल्टीत गेल्या. कारकुनानं हाकललं. दुसऱ्या दिशी परत हजर. तिसऱ्या दिशी त्यानंच बाकावर बसवलं आन् अर्ज सायबाकडं नेला. म्हैन्यात बोळात नळ."

धोंडिरामांनी मान खाली घातली. ओठांवर मात्र हसू होतं.

"कारकून बरा निघाला म्हनायचा."

"व्हय. उशिरा, पर निघाला."

रांग दोन पावलं सरकली.

"आमच्या बोळात दिवा न्हाय, चंद्रव्वा. पोरी अंधारातनं येत्यात."

"मग लताला सांग की."

"सांगते. शिकू दे तिला म्याट्रिकपर्यंत. पर अर्ज द्यायचा कुनाकडं?"

"माझ्याकडं द्या, बाई," मागून धोंडिराम म्हणाले. "या खेपेला पहिल्याच दिवशी घेईन."