तक्रारीला सह्या सव्वीस

नाही, पण मी म्हणते, फुकट दिलं तरी माणसं पळून जातात, याला काय म्हणायचं? मला काय वाटलं होतं, सांगू? मी दूर शिकले ना, तिथल्या वाचनालयात लेखक बोलायला आला की लोक तासभर आधी रांग लावायचे, जागा नसली तर खिडकीच्या कट्ट्यावर बसायचे, उभ्याने ऐकायचे! आणि मी त्या रांगेत उभी राहून मनाशी म्हणायचे, हे आपल्या गावात झालंच पाहिजे! आपली माणसं काय कमी आहेत? त्यांना कुणी बोलावलं नाही, एवढंच! एकदा बोलावून तर बघा, धावत येतील!

आले हो. धावत आले. पंख्याखालच्या खुर्च्या पकडायला. आणि लेखक बोलायला उभा राहिला तशी त्याच खुर्च्या उचलून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले!

तुम्हाला सांगते, आमचं वाचनालय म्हणजे एकच मोठी खोली. चार लांब टेबलं, भिंतीला कपाटं, आणि एका कोपऱ्यात रिकामी जागा, जिथे मी माझ्या कार्यक्रमाचं स्वप्न बघितलं. कार्यवाहांकडे गेले. कार्यवाह म्हणजे वाचनालयाचा कारभार बघणारे गृहस्थ, भले आहेत, पण प्रत्येक वाक्य ठराव मांडल्यासारखं बोलतात. "ताई, आपला उत्साह पाहून समितीला आनंद झाला. तीन शनिवार घ्या. तिसऱ्या शनिवारी हजेरीवहीत पंचवीस सह्या दिसल्या, तर कार्यक्रम कायम. न दिसल्यास तो कोपरा जुन्या कपाटांना लागणारच आहे." मी म्हटलं, पंचवीस? पंचवीस तर पायऱ्यांवर बसतील! लाज वाटते आता आठवलं की.

आई म्हणाली, "एवढं शिकून आलीस ते खुर्च्या मांडायला?" मी म्हटलं, "आई, समाज असाच घडतो." ती म्हणाली, "घडव हो. पण आधी जेवून घे."

मग मी पत्रकं छापली. चौकात उभी राहिले. हसून हातात द्यायची, म्हणायची, "लेखकाशी गप्पा, शनिवारी पाच वाजता, फुकट हो, फुकट!" एक गृहस्थ थांबले, पत्रक पुढून वाचलं, मागून वाचलं, मागे कोरं होतं तेही वाचलं, आणि म्हणाले, "शेवटी काय विकणार?" मी म्हटलं, "काही नाही." "काहीच नाही? विमा? भांडी?" "नाही हो!" "मग लेखकाला काय मिळतं?" मी म्हटलं, "समाधान." तर त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली, माझ्या हातात परत दिली, आणि इतक्या मायेने विचारलं, "दुसरीकडे कुठे नोकरी लागली नाही का, बाळ?"

असो. पहिला शनिवार. एक कादंबरीकार बोलावले होते, भारदस्त माणूस. आता आमच्या ग्रंथपाल बाईंची ओळख करून द्यायला हवी. एकतीस वर्षं नोकरी, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी त्या खोलीत कुणाला मोठ्याने बोलू दिलेलं नाही. त्यांना कानांनी आवाज ऐकू येत नाही, अंगाने येतो. कादंबरीकारांनी माइक हातात घेतला, "मित्रहो..." म्हणाले मात्र, बाई खाली मान घालून कार्डं लावत होत्या, त्यांनी मान वरसुद्धा न करता... "शूऽऽऽ!" सवय हो! त्यांचा काही दोष नाही! पण कादंबरीकार जे दचकले, ते पुन्हा बोलेचनात. मी खुणा करतेय, बोला, बोला, आणि ते बिचारे बाईंकडे बघताहेत, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. बाई धावत आल्या, "अहो माफ करा, बोला ना तुम्ही!" त्यांनी पुन्हा "मित्रहो" म्हटलं, आणि बाईंच्या तोंडून पुन्हा "शू..." निम्मं बाहेर आलं, निम्मं त्यांनी पदराने आत ढकललं. त्या दिवशी सह्या किती? दोन. आई आणि आत्या. आत्या तर पहिल्या 'मित्रहो'लाच झोपली होती.

दुसरा शनिवार. मी विचार केला, मुलांसाठी लिहिणाऱ्या बाई बोलवाव्यात, हसत्याखेळत्या. बोलावल्या. मुलं आली नाहीत, पण त्या म्हणाल्या, "हरकत नाही, मोठ्यांतही मूल असतंच." आणि गोष्ट सुरू केली सिंहाची. आणि सिंहाची गोष्ट म्हटल्यावर सिंहाला डरकाळी आलीच की! अशी डरकाळी फोडली त्या माउलीने... आमच्याकडे एक मुलगी येते, मोठ्या परीक्षेचा अभ्यास करते, कानात कापसाचे बोळे घालून बसते, तिला मी मनात परीक्षावाली म्हणते. ती खुर्चीसकट मागे सरकली आणि कपाटाला जाऊन आपटली! रोज शब्दकोडं सोडवायला येणारे एक काका आहेत, शब्दकोडेकाका, त्यांच्या पेनाची रेघ कोड्यातून निघून थेट टेबलावर गेली. जागचे हलले नाहीत ते फक्त मशीनआजोबा. कारण त्यांचं कानाचं मशीन चष्म्याच्या डबीत असतं. का? "घातलं की सेल संपतो."

सोमवारी कार्यवाहांच्या टेबलावर तक्रारअर्ज. 'शनिवारच्या कार्यक्रमामुळे वाचकांच्या शांततेचा भंग होत आहे.' खाली सह्या किती? सव्वीस! मी दारोदार फिरून, हातापाया पडून दोन मिळवल्या, आणि तक्रारीला सव्वीस, एका सकाळीत! मशीनआजोबांचीही होती! मी म्हटलं, "आजोबा, तुम्हाला काय त्रास झाला?" म्हणाले, "मला नाही. बाकीच्यांना झाला, मला दिसला."

कार्यवाह म्हणाले, "तिसरा शनिवार आपल्याला शब्द दिलेला आहे, तो होईल. मात्र माइक नाही, आणि वक्त्याचा आवाज आपल्या टेबलापलीकडे जाता कामा नये." आता सांगा! लेखकाचं भाषण, आणि आवाज टेबलापलीकडे जायचा नाही! म्हणजे पोहायला जा, पण केस भिजवू नकोस!

तिसरे लेखक म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. साधा माणूस, आयुष्यभर पत्रं वाटली आणि मग पत्त्यावर न पोचलेल्या पत्रांवर एक पुस्तक लिहिलं. मी दारातच त्यांचे हात धरले, म्हटलं, "काका, एक विनंती आहे, सांगायलाही लाज वाटते... जरा कुजबुजत बोलाल का?" ते म्हणाले, "बोलेन की. नाही तरी दुसऱ्यांच्या पत्रांबद्दल मोठ्याने बोलू नयेच."

बसलो आम्ही कोपऱ्यात. मी, आई, आत्या आणि पोस्टमनकाकांच्या मिसेस. बाकी सगळी खोली पाठमोरी. फुकट हो, फुकट! पण एक पाठ वळायला तयार नाही. आज पंचवीस झाल्या नाहीत तर संपलंच, सोमवारी इथे कपाटं येणार, आणि मी घरी बसून आईचं 'जेवून घे' ऐकणार.

पोस्टमनकाका पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "तीस वर्षांत मी एकाच घरचं पत्र उघडलं."

तुम्हाला सांगते, माझ्या समोरच्या टेबलावर शब्दकोडेकाकांचं पेन थांबलं. मला वाटलं, शब्द अडला असेल.

"एक म्हातारी होती," पोस्टमनकाका म्हणाले, "रोज दारात उभी. मुलगा लांब गेलेला. रोज विचारायची, आलं का? मी म्हणायचो, उद्या येईल. चार वर्षं मी तिला उद्या सांगितलं."

परीक्षावालीने डोकं खाजवल्यासारखं केलं आणि एका कानातला बोळा काढला. पेपर वाचणाऱ्यांचे पेपर वर होते, पण पानं उलटायची बंद झाली होती. दहा माणसं एकच पान वाचताहेत, आणि त्यातल्या एकाचा पेपर उलटा! मशीनआजोबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, डबी उघडली, आणि मशीन कानात घातलं! सेलची पर्वा न करता!

आता मला सांगा, माणसाचा हा काय स्वभाव आहे? समोर उभं राहून माइकवर सांगितलं तर नको, आणि दोघं कुजबुजताना दिसले की कान टवकारले! इतकं शिकले मी, पण एवढी साधी गोष्ट मला कुठल्या वर्गात कुणी सांगितली नव्हती!

"पत्र आलं," पोस्टमनकाका म्हणाले, "पण ती आदल्या आठवड्यात गेली होती. घराला कुलूप. परत पाठवायचं, असा नियम. मी अकरा दिवस ते पिशवीत घेऊन फिरलो. बाराव्या दिवशी उघडलं."

कुणीतरी उठलं आणि पंखा बंद केला. भर उकाड्यात! ऐकू येईना म्हणून! खुर्च्या सरकायला लागल्या, आवाज न करता, एकेक वीत, पाठ तिकडेच ठेवून! मागच्या मागे सरकत सरकत अख्खं वाचनालय आमच्या कोपऱ्यात येऊन टेकलं, आणि मी मनात मोजतेय, अठरा, बावीस, सत्तावीस...

"आत एकच ओळ होती," ते म्हणाले. "'आई, हा पत्ता बरोबर आहे का ते कळव, मग सविस्तर लिहितो.'"

आत्यासुद्धा जागी होती.

"मग? तुम्ही काय केलंत?" शब्दकोडेकाका एकदम केवढ्याने ओरडले! आणि मागून आवाज आला, "शूऽऽऽ! ऐकू द्या!" वळून बघते तर बाई! कार्डांचा डबा छातीशी धरून, डोळ्यांत पाणी, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गप्प केलं ते वाचकाला, लेखकासाठी!

पोस्टमनकाका म्हणाले, "मी उत्तर लिहिलं. 'पत्ता बरोबर आहे.' आणि खाली आई म्हणून सही केली. त्यानंतर सहा वर्षं तो तिला लिहीत होता, आणि मी..." इथे ते थांबले, घड्याळाकडे बघितलं, म्हणाले, "सहा वाजले. तुमची बंद व्हायची वेळ झाली. पुढचं पुस्तकात आहे."

काय सांगू तुम्हाला! मी भरून पावले! हजेरीवही घेऊन उठले, पहिल्यांदा शब्दकोडेकाकांसमोर धरली, "काका, सही!" तर म्हणतात, "कशाची? मी कोडं सोडवत होतो." मी म्हटलं, "अहो, तुम्ही तर प्रश्न विचारलात!" म्हणाले, "उभ्या शब्दाबद्दल." परीक्षावालीकडे गेले, ती म्हणाली, "ताई, मी ऐकलं असतं हो, पण माझे बोळे होते ना." बोळे तिच्या हातात! आजोबा मशीन काढून डबीत ठेवत म्हणाले, "काय म्हणालीस? ऐकू येत नाही." ताकाला जायचं, आणि भांडं लपवायचं! कारण काय, तर सोमवारी तक्रारीवर सह्या केलेल्या! आता हजेरीवर सही केली, तर कार्यवाह दोन्ही कागद शेजारी ठेवून बघणार ना! अब्रूचा प्रश्न! सत्तावीस माणसं ऐकून गेली, तीही फुकट, आणि सह्या झाल्या चार. कार्यवाहांनी चष्मा लावून तपासल्या. "चौथी आपली स्वतःची आहे, ताई. आयोजकाची धरता येत नाही. तीन. समितीला खेद आहे."

आईने घरी येताच ताट वाढून पुढे ठेवलं. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले मी, आपला फलक उतरवून आणायला. आयुष्यात पुन्हा कुणाला काही फुकट द्यायचं नाही, असं ठरवून. तर दारातच शब्दकोडेकाका, इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी येतात, "पुढच्या शनिवारी कोण कुजबुजणार?" मी म्हटलं, "कुणी नाही! तुम्ही सही केली नाहीत, कार्यक्रम बंद झाला!" तर चेहरा असा, की मीच त्यांच्या तोंडचा घास काढून घेतला! "असं कसं? त्या पोस्टमनच्या पुस्तकाला माझा नंबर नववा लागलाय!" म्हटलं, "मग आता सही करता?" "छे छे, आता कशी करणार, आता बरं दिसेल का ते?"

आत गेले. बाईंनी काही विचारलं नाही, फक्त एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. वाचक सभासदाचा अर्ज. म्हणाल्या, तेही कुजबुजत, "कार्यक्रमाला पंचवीस लागतात. सभासदाला एकही लागत नाही. सभासदाने आपल्याबरोबर एक पाहुणा आणावा, नियमात बसतं. टेबलाशी बसून दोघांनी हळू बोलावं, तेही बसतं. पाहुणा लेखक असू नये, असं कुठे लिहिलेलं नाही, मी रात्री सगळे नियम वाचून काढलेत. शनिवारी पाचला कोपऱ्यातलं टेबल मी रिकामं ठेवते. कपाटं काय, येतील सावकाश."

म्हणजे काय, हजेरी नाही, फलक नाही, टाळ्या नाहीत, आपल्याला ऐकताहेत हे आपल्याला कळलेलं नाही असं आपण दाखवायचं, आणि आम्ही ऐकत नाही असं त्यांनी दाखवायचं! यासाठी शिकले मी एवढी? यासाठी आले परत?

पण तुम्हाला सांगते, ठरवलं. पेन काढलं. तीन आठवडे एकेका सहीसाठी अख्ख्या गावापुढे हात पसरले, आणि शेवटी सही कोणी केली? मी! आणि कशाखाली? अर्जाच्या तळाशी जाड ठशात छापलंय: 'मी वाचनालयात संपूर्ण शांतता राखीन.'