फिलिपाबाईंनी फाडायला सांगितलेला कागद

माझे नाव मैत्रेयी भीमराज नगराळे, वय ३९ वर्षे, व्यवसाय नर्सिंग (सध्या काम नाही), राहणार आर्णी, जिल्हा यवतमाळ.

केनिया देशातील एड्रियन लॉफ्टस यांच्या तक्रार अर्जाच्या चौकशीकामी बोलावल्यावरून मी आज पोलीस स्टेशनला स्वतः येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी आई जयाबाई हिच्यासोबत राहते. मार्च २०२२ मध्ये मी एजन्सीमार्फत केनियाला कामाला गेले. नैवाशा तळ्याजवळ लॉफ्टस कुटुंबाची गुलाबांची शेती आहे. तेथे एड्रियन यांची आई फिलिपाबाई, वय ९३, अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना आंघोळ घालणे, औषधे देणे, कूस बदलून देणे ही कामे माझ्याकडे होती. त्या घरात माझा चहाचा कप वेगळा ठेवलेला होता. तो वेगळा का, हे मला कोणाला विचारावे लागले नाही.

बाई मला जुन्या गोष्टी सांगत. गोऱ्या मळेवाल्यांच्या मेजवान्या तीन-तीन दिवस चालत. सकाळी कोण कोणाच्या खोलीतून बाहेर पडले, यावर क्लबात हसणे होई. सांगताना बाईही हसत.

दिनांक ११/०९/२०२३ रोजी दुपारी बाईंनी मला कागद-पेन घ्यायला लावले. त्या बोलल्या, मी इंग्रजीत लिहिले, खाली त्यांनी सही केली. मजकूर असा की, सन १९५३ मध्ये त्यांचे पहिले पती जेराल्ड यांना घराच्या व्हरांड्यात शेजारचे मळेवाले ह्यू लॉफ्टस यांनी गोळी घातली. बाईंचे ह्यू यांच्याशी संबंध होते. तेव्हा तिकडे गोऱ्यांच्या राज्याविरुद्ध बंड चालू होते, त्यामुळे आळ कोणत्याही काळ्या माणसावर घालता येत होता. बाईंनी कोर्टात सांगितले की, बंदूक स्वयंपाकी मुइगाई याच्या हातात पाहिली. मुइगाई त्या वेळी आत भांडी पुसत होता. तीन महिन्यांत त्याला फाशी झाली. दोन वर्षांनी बाईंनी ह्यू यांच्याशी लग्न केले. अर्जदार एड्रियन हे या दोघांचे पुत्र.

मी विचारले, "बाकीच्या गोऱ्यांना हे माहीत नव्हतं का?" बाई म्हणाल्या, "सगळ्यांना माहीत होतं. आमच्या लग्नाला सगळे आले होते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मुइगाईसारखं पुडिंग नंतर कोणाला जमलं नाही."

येथे जबाब लिहिणारे हवालदार देवीलाल आडे मला म्हणाले, "ताई, सत्तर वर्षांआधीचं हे कायले लिहाचं? कागद नेला का नाही, तेवढं सांगा." मी म्हणाले, "साहेब, कागदात काय होतं ते नाही लिहिलं, तं मी नुसती चोर दिसन." त्यानंतर त्यांनी लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांनी छान झोप लागली. आता तो कागद फाडून टाक." मी फाडला असे त्यांना सांगितले. ते खोटे होते, हे मी कबूल करते.

दिनांक २९/०९/२०२३ रोजी बाई वारल्या. त्या घरात वांजिरू, वय ७३, ही एकतीस वर्षांपासून धुण्याला व इस्त्रीला होती. ती मुइगाईची मुलगी. कामावर ठेवतानाच बाईंना ते ठाऊक होते, असे त्यांनीच मला सांगितले होते. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी वांजिरू पाहुण्यांसाठी टेबलावरची कापडे इस्त्री करत होती. तिला इंग्रजी समजते, वाचता येत नाही. मी तिला कागद वाचून दाखवला.

तिने इस्त्री उभी ठेवली व विचारले, "माझ्या बापाला कुठे पुरलं, ते लिहिलं आहे का?"

मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. तसे काही लिहिलेले नव्हते.

ती म्हणाली, "खुन्याची पोर म्हणून मला शाळेत बसू दिलं नाही." मग तिने कागद घडी करून स्वतःजवळ ठेवला, राहिलेली कापडे इस्त्री केली आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही. तिने कागद वकिलाकडे दिल्याचे मला नंतर समजले. त्याच आठवड्यात मला काढून टाकण्यात आले. तेव्हापासून कोणतीही एजन्सी मला काम देत नाही. आई म्हणते, "तुले काय कराचं होतं त्या लोकायचं? फाडून टाकला असता, तं आज कामावर असती."

एड्रियन यांनी अर्जात, मी 'कौटुंबिक कागद' चोरला, असे लिहिले आहे. त्यात काय होते ते लिहिलेले नाही. कागद माझ्याकडे नाही. वांजिरूला फोन करून तो परत माग, असे मला एजन्सीने दोनदा सांगितले. मी फोन केला नाही व करणार नाही.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "फाशी झाली" हे शब्द मला बरोबर वाटले नाहीत. तेथे "बाईंच्या खोट्या साक्षीवरून फाशी दिली" असे वाचावे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करते.

(सही)
मैत्रेयी भीमराज नगराळे