सिनेमा गावाला फार आवडला

"हॅलो? …हाव, पंजाबराव मास्तरच बोलून राह्यलो. …कोन, गजेंद्र? बोल बे! दोन महिन्यानं आठवन आली तुले.

…पोचला ना. तुह्या बुलढान्याच्या फिल्म क्लबचा प्रोजेक्टर पोचला, सिनेमा पोचला, त्याच हप्त्यात शनवारच्या बैठकीत वाचनालयात दाखवलाबी. …तोच रे. शहरावर नजर ठेवनारं यंत्र, चौकाचौकात कॅमेरे, कोनी रेंगाळलं का भोंग्यावर त्याचं नाव.

…घाबरले? अरे ऐक ना! कोनीच नाई घाबरलं."

पंजाबरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. ज्या कानानं ऐकत होते, तो तापला होता.

"चर्चा? झाली ना. मी म्हटलं, इचारा काई. सरपंच उठले, आपले उकंडराव. म्हने, मास्तर, हे मशीन कुठं भेटते?

…हासू नको. गजेंद्र, हासू नको! ठराव झाला ग्रामसभेत, मशीन बसलंबी. …चोरासाठी म्हने. चोर काई भेटला नाई, मंग बसनाऱ्याचे नावं घेनं सुरू केलं. 'पारावर विनाकारण बसलेले भाऊराव, घरी जा.' …जातात ना! धोतर सावरत जातात.

…रहेमतुल्ला? त्याचं चायचं दुकान बंद झालं. चाय प्याले बसलं का नाव येते. घाईत उभ्यानं चाय कोन पिते आपल्याकडं? गेला तो सुलतानपूरले, मेव्हन्याकडं. जाताना त्याची बायको, सबीहाभाभी, घरी आल्या. म्हनल्या, मास्तर, सिनेमा दाखवाले आमचंच गाव भेटलं का तुमाले?"

पंजाबरावांनी टेबलावरचं फडकं उचललं, घडी केली आणि पुन्हा ठेवलं.

"…हाव, हाव, हाये ना लाईनवर. …अरे, शेवट दाखवला रे! पोरगी जाते, स्विच बंद करते, यंत्र मरते, सगळं दाखवलं. उकंडराव म्हने, तेवढी एक चूक झाली त्यायची, स्विच हाताशी ठेवला. आपला त्याईनं पान्याच्या टाकीवर ठेवला.

…नाई, शनवारची बैठक बंद. पाचाच्या वर मानसं जमली का भोंगा वाजते. …मले बैठक काऊन नाई पाह्यजे? शनवार आला का खुर्च्या पुसतो मी अजून. एकच रस्ता हाये. सरपंच रोज इचारतात, मास्तर, पुढचा सिनेमा कधी? सिनेमा असला तं परवानगी हाये.

…हाये तुह्यापाशी? कोनता? …बरं. …मंग? …मानसाच्या मनातलं यंत्राले आधीच समजते? …बोलाच्या आधी?"

पंजाबरावांनी उठून खिडकी लावली. मग आवाज खाली आणला.

"गजेंद्र, नको पाठवू. …अरे, येतील! सगळे येतील, पुढच्या रांगेत बसतील, म्हनूनच नको. …बैठक? राहू दे, खुर्च्या पुसनं बंद करतो मी. तू प्रोजेक्टर घेऊन जा. …आन् हे पाहा, उकंडरावनं फोन केला तं सांगजो, सिनेमे संपले."

त्यांनी फोन ठेवला.