पक्याची आहे तीच पॉलिसी

जन्म माझा परळच्या चाळीतला, वडील गिरणीत, मूळ गाव कणकवलीकडे, आणि मी मंडपवाला का झालो तर शेजारच्या खोलीतला पक्या मंडपवाला झाला म्हणून. काय सांगू तुम्हाला, त्याने टेम्पो घेतला की मला टेम्पो, त्याने मिशी ठेवली की मला मिशी. जळतो मी त्याच्यावर, आजही जळतो, लिहा तसंच.

एका गणपतीत पक्याचा बांबू सुटून भाजीवाल्याचा हात मोडला, तर विमा कंपनीने सगळा खर्च दिला आणि हा परत ऐटीत मंडप बांधायला हजर! बांबू पाडूनही हाच रुबाबात? मी एजंटला गाठलं, म्हटलं पक्याची आहे तीच पॉलिसी द्या. तो म्हणाला, दादा, ही तुमच्या सामानाची नाही हां, तुमच्या कामामुळे दुसऱ्याला लागलं तर त्याची भरपाई, अटी वाचून घ्या. मी म्हटलं, पक्याने वाचल्या असतील ना, बास.

पुढच्या वर्षी लालबागला माझी कमान कलली ती थेट सावंतकाकूंच्या खांद्यावर. चाळीत आम्हा दोघांनाही लहानपणी भरवणाऱ्या काकू, आणि त्यांच्या नातीच्या लग्नाचा मंडप कोणाला द्यायचा ते अजून ठरायचं होतं! मी भर रस्त्यात त्यांचे पाय धरले, ढसाढसा रडलो, चूक माझी, खर्च माझा, वर मंडळाच्या कागदावर सहीनिशी लिहून दिलं. बघ्यांचे डोळे पाणावले हो! पक्या धावत आला, म्हणाला, अरे येड्या, आधी हॉस्पिटलात ने, मग कंपनीला फोन कर, कबुली कसली लिहून देतोस? मला वाटलं, आज पहिल्यांदा हा माझ्यावर जळतोय. काय गार वाटलं!

कंपनीच्या माणसाने कागद वाचला आणि म्हणाला, आम्हाला न विचारता जबाबदारी कबूल करायची नाही, हीच तर अट होती. दावा नामंजूर. मग ऑपरेशनचा खर्च माझा, औषधं माझी, बायकोच्या बांगड्या गेल्या, रोज काकूंना खांद्याच्या व्यायामाला मीच नेलं. म्हटलं, लग्नाचा मंडप तरी आता आपलाच.

गेल्या महिन्यात काकू पेढे घेऊन आल्या, बऱ्या झालेल्या हाताने भरवला, म्हणाल्या, बाळा, तू मला मुलासारखा, तू लग्नात नुसतं मिरवायचं. मंडप पक्याला दिलाय. लोकांना मंडपाखाली बसायचं असतं ना रे.

गेलो, पहिल्या रांगेत बसलो. सगळे अक्षता टाकत होते आणि मी वर बघत होतो, एक गाठ ढिली सापडेना मेल्याची. देव काकूंना शंभर वर्षं देवो, नातीला सुखात ठेवो. पक्यालाही ठेवो. पण जरा कमी.