जोगणीच्या उतारावरची थाप

ऐका. आधी ते खिदळणं बंद करा, मग ऐका.

सर्जेराव दूध कंपनीचा टँकर चालवायचा. त्या रात्री डेअरीतून निघाला तो एकटाच. शेजारची जागा रिकामी. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत तिथं कोंडिबा बसायचा, सर्जेरावाच्या बायकोचा, सुभद्राचा, थोरला भाऊ. गाडी मागं घेताना खाली उतरून पत्र्यावर हात मारायचा. दोन थापा, चल. एक थाप, थांब. असंच मागं घेताना एक दिवस कोंडिबा भिंत आणि टँकरच्या मधे सापडला. जागीच गेला हो! सर्जेरावानं जगाला सांगितलं, "थाप ऐकूच आली नाही." सुभद्रालाही तेच.

मग कंपनीनं शिकवायला साहेब आणला. तो म्हणाला, "नवे ब्रेक घालून अपघात थांबत नाहीत. चालवणाऱ्याची घाई थांबली पाहिजे." सर्जेराव मागच्या बाकावर हसला. "वीस वर्षं स्टेअरिंग धरलंय. हा काल मिशी फुटलेला मला शिकवतोय!" मस्ती बघा मेल्याची!

तर त्या रात्रीही घाईच. हमरस्ता सोडला, जोगणीच्या उताराची जवळची वाट धरली. उतार लागला आणि पत्र्यावर... थप थप!

अंगावर काटा आला. पण पायानं आपसूक वेग वाढवला. सवय! पुन्हा थप थप! आरशात बघतो तर कुणीतरी टँकरच्या बाजूनं पळतंय. गाडी साठनं चाललीय, आणि ह्याला धापसुद्धा नाही! थप थप! थप थप! पुढं रस्ताच सरळ झाला. एवढं मोठं वळण, गेलं कुठं? पांढराफेक, सरळसोट रस्ता! आणि कोंडिबाचा आवाज, "जाऊ द्या, पाव्हणं, जाऊ द्या!"

मग थप.

एकच. शेजारच्या दारावर. आतून!

जन्मात पहिल्यांदा एका थापेवर सर्जेरावानं ब्रेक दाबला. टँकर किंचाळत थांबला. खाली वाकून बघतो तर पुढचं चाक दरीच्या काठाला. सरळ रस्ता कुठला? नुसता काळोख.

चल चल म्हणणारा चकवा होता, कोंडिबाचा आवाज काढून आलेला. थांब म्हणणारा कोण होता, ते सर्जेरावाला विचारायची गरज पडली नाही. लहान पोरासारखा रडला तिथं.

घरी आला, उंबऱ्यातच बसला. "सुभद्रा, त्या दिवशी थाप ऐकली होती मी. वाटलं, अजून हातभर जागा आहे."

सुभद्रा रडली नाही. म्हणाली, "दादानं एक थाप मारली. दुसरी तुम्ही मारलीत. माझ्या तोंडावर, तीन महिने." आणि आतून कडी घातली.

पहाटेपर्यंत तो बाहेर. दार वाजवायला हात उचलायचा, तसाच खाली घ्यायचा. कुठल्या तोंडानं वाजवणार?

त्या उतारानं जाऊ नका, बाबांनो. आणि गाडी कुठलीही असो, वाट कुठलीही असो, शेजारचा थांब म्हणाला की थांबा. तो जिवंत आहे तोवर थांबा.