पडलेला सूर

कर्जतला कशेळ्याला जाणाऱ्या जीपच्या रांगेत वनिता उभी होती. पुढे स्पर्धेतून परतलेली एक मुलगी माउथ ऑर्गन मुठीत घट्ट धरून मावशीला तावातावानं सांगत होती.

"परीक्षक म्हणाला, सूर पडला!"

"मग पडला असंल गं, रूपे."

"पडला नाय, मावशी, मी वाकवला! श्वास आत ओढताना जीभ मागं घेऊन. चार महिने लागले मला!"

"मग त्याला सांगायचं नाय?"

"सांगितलं. म्हणाला, आधी सरळ वाजवायला शिक."

"आन् तू गप बसलीस?"

"मग काय करू?"

"वाजव. हितंच."

सूर निघाला, हळूहळू खाली झुकला आणि तिथंच थरथरत राहिला. जीप आली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला.

"ए, हॉर्न बंद कर रं!" वनिता ओरडली. "पोरगी वाजवते हाय, दिसत नाय?"